०.३ टक्के : एका रेषेचा इतिहास

भांग, गांजा आणि चरस ही तिन्ही नावे आपल्या ओळखीची आहेत. हे पदार्थ एकाच झाडापासून मिळतात. भांग पानांपासून, गांजा मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून आणि चरस त्याच्या राळेपासून. याच झाडाच्या काही वाणांपासून दोर आणि कापडासाठी चिवट धागा काढतात. अशा वाणांना ‘हेम्प’ म्हणतात. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत हेम्पपासून काढलेल्या ‘सीबीडी’ या द्रव्याची तेले, गोळ्या आणि मलमे यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. ‘यातील टीएचसी ०.३ टक्क्यांहून कमी आहे’ असा दिलासा त्यांच्या वेष्टनावर दिलेला असतो. टीएचसी म्हणजे नशा आणणारे द्रव्य. पण हा ०.३ चा आकडा आला कोठून?

त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १८३९ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी गांजाच्या अर्काचे धनुर्वात, पटकी, संधिवात अशा रोगांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानंतर हा अर्क युरोपातल्या औषधालयांत पोहोचला. मात्र एक अडचण कायम राहिली. एका बाटलीने गुण येई, दुसरीने काहीच होत नसे आणि तिसरीने रुग्ण गुंगून पडे. अफूतील मॉर्फीन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे काढता आले होते, त्यामुळे ते तोलून देता येई. गांजातील गुणकारी द्रव्य कोणते हेच माहीत नसल्याने मात्रा ठरवणार कशी? इतर औषधे आली, कायदे कडक झाले आणि १९४२ साली अमेरिकेच्या औषधकोशातून गांजाला वगळण्यात आले.

त्याच सुमारास उत्तराची सुरुवात झाली होती. १९४० मध्ये अमेरिकेतील रॉजर अ‍ॅडम्स यांनी हेम्पमधून सीबीडी वेगळे केले. १९६३ मध्ये इस्राएलमधील राफाएल मेशूलम व त्यांच्या सहकाऱ्याने त्याची रचना ठरवली आणि १९६४ मध्ये मेशूलम व येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध स्वरूपात मिळवले. या कुळातील संयुगांना ‘कॅनाबिनॉइड’ म्हणतात. गंमत अशी की दोन्ही द्रव्यांचे रेणुसूत्र एकच आहे : २१ कार्बन, ३० हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन. फरक आहे तो जोडणीत. टीएचसीमध्ये एका ऑक्सिजन अणूमुळे एक जादा कडे बंद झालेले असते, सीबीडीमध्ये ते उघडेच राहते. एवढ्या फरकाने एक रेणू नशा आणतो आणि दुसरा आणत नाही. समघटक संयुगे शिकवताना याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आता ०.३ कडे वळू. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या न्यायालयांत एक विचित्र वाद रंगला. कायद्यात ‘कॅनाबिस सटायव्हा’ असा शब्द होता. आरोपींचे वकील म्हणत, आमच्या अशिलाकडे सापडलेले झाड ‘कॅनाबिस इंडिका’ या वेगळ्या जातीचे आहे, त्याला हा कायदा लागूच नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ दोन्ही बाजूंनी साक्षीला उभे राहत. या पार्श्वभूमीवर कॅनडाचे अर्नेस्ट स्मॉल आणि अमेरिकेचे आर्थर क्रॉन्क्विस्ट यांनी १९७६ मध्ये झाडाचे नवे वर्गीकरण मांडले. जात एकच, तिच्या उपजाती दोन. त्या ओळखण्याची एक खूण म्हणून त्यांनी कोवळ्या, जोमदार पानांच्या कोरड्या वजनात ०.३ टक्के टीएचसी ही सीमा सुचवली. ही रेषा आपण सोयीसाठी आखली आहे, हे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. इतक्या टीएचसीने माणसाला नशा येते की नाही, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

वर्गीकरणाची ही रेषा पुढे कायद्यात शिरली. १९९८ मध्ये कॅनडाने हेम्पच्या शेतीसाठी तीच घेतली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी कायद्याने कोरड्या वजनात ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेले झाड, त्याचे भाग आणि अर्क यांना ‘हेम्प’ ठरवून अमली पदार्थांच्या यादीतून काढले.

येथून दोन घोटाळे झाले. पहिला शेतकऱ्याचा. झाडात आधी एकच पूर्वद्रव्य तयार होते. एक विकर त्यापासून टीएचसीचे आम्ल बनवते, दुसरे सीबीडीचे. कोणते विकर असेल, हे मुख्यतः एका जनुकस्थानावर ठरते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकर-प्रयोगांत दुसऱ्या पिढीत टीएचसीप्रधान, मिश्र आणि सीबीडीप्रधान झाडे १ : २ : १ या, मेंडेलच्या वाटाण्यांमुळे आपल्याला पाठ असलेल्या प्रमाणात मिळाली. परंतु सीबीडी बनवणारे विकर अगदी चोख नसते. सीबीडीच्या साधारण वीस ते तीस भागांमागे टीएचसीचा एक भाग तयार होतोच. म्हणजे फुलात १० टक्के सीबीडी असेल, तर टीएचसी ०.३ ते ०.५ टक्के होणार. चांगले सीबीडी पिकवणाऱ्याचे पीक रेषेपलीकडे जाते आणि त्याला ते नष्ट करावे लागू शकते.

दुसरा घोटाळा ग्राहकाचा. हे गणित वर्गात फळ्यावर करून पाहा. पाच ग्रॅमच्या जेलीच्या गोळीत ०.३ टक्के टीएचसी म्हणजे किती? ५००० मिलिग्रॅम गुणिले ०.००३, म्हणजे १५ मिलिग्रॅम. कोलोरॅडो राज्यात गांजाविक्री कायदेशीर आहे. तेथे खाद्यपदार्थाच्या एका मात्रेत १० मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी चालत नाही. म्हणजे ‘हेम्प’ म्हणून विकलेली एकच गोळी कायद्यात बसूनही नशा आणू शकते आणि ती लहान मुलाच्या हाती पडली तर धोका आणखी मोठा. पानाच्या वजनाचा टक्का गोळीच्या वजनाला लावल्याचा हा परिणाम. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. तयार मालासाठी टक्क्याऐवजी दर डब्यामागे ०.४ मिलिग्रॅम टीएचसी ही मर्यादा घातली आणि ती वर्षभराने लागू करण्याचे ठरवले.

वेष्टनावरचा आकडा तरी खरा असतो का? २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तपासणीत इंटरनेटवरून घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांपैकी फक्त २६ मध्ये सीबीडी सांगितल्याइतके निघाले. १८ मध्ये टीएचसीही आढळले.

याउलट २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले शुद्ध सीबीडीचे औषध पाहा. तेव्हा ते अपस्माराच्या दोन दुर्मिळ, गंभीर प्रकारांसाठी मान्य झाले. त्याची मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरते आणि ते घेताना यकृताची तपासणी करावी लागते. इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही सीबीडीमुळे वाढू शकते. नशा नाही याचा अर्थ परिणाम नाही, असा होत नाही.

भारताने १९८५ च्या कायद्यात वेगळीच रेषा आखली. ती टक्क्यांची नसून झाडाच्या अवयवांची आहे. फुलोरा आणि राळ बंदीच्या व्याख्येत येतात, नुसती पाने आणि बिया येत नाहीत. म्हणूनच भांगेचा कारभार राज्यांच्या नियमांवर चालतो.

सीबीडीच्या बाटलीबद्दल कोणी विचारले, तर ०.३ टक्क्यांवर थांबू नये. एका मात्रेत सीबीडी किती मिलिग्रॅम, टीएचसी किती मिलिग्रॅम, दोहोंचे प्रमाण काय आणि ते त्रयस्थ प्रयोगशाळेने मोजले आहे का, हे पाहावे आणि घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ओशॉनेसींच्या काळी या प्रश्नांना उत्तरेच नव्हती. आज ती मोजून मिळतात.