बुडालेली गावे, पांगलेली माणसे आणि काय-वर्ग चाचणी

१/ उजनीचे पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र फिरू लागतात. मंदिर पुन्हा दिसते. भोवतालची माणसे कुठे गेली, हे मात्र छायाचित्र सांगत नाही. आजचा धागा त्या माणसांविषयी, आणि त्यांचा इतिहास तपासणाऱ्या एका संख्याशास्त्रीय साधनाविषयी.

२/ भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागराच्या फुगवट्याने सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याची व पुणे जिल्ह्यातील इंदापूरची अनेक गावे उठवली. करमाळा तालुक्यात आज केत्तूर नं. १ आणि केत्तूर नं. २ अशी नावे आढळतात. गावाच्या नावापुढचा हा क्रमांक म्हणजे विस्थापनाची खूणच.

३/ समजा, आपल्याला एक विधान तपासायचे आहे : ‘जमीनधारक कुटुंबे नव्या गावठाणात वसली, भूमिहीन पांगले.’ येथे दोन वर्गीकरणे आहेत. कुटुंबाकडे जमीन होती की नव्हती? ते गावठाणात वसले की बाहेर गेले? या दोहोंत खरोखर संबंध आहे का?

४/ अशा प्रश्नासाठी कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये काय-वर्ग चाचणी मांडली. तिचे तत्त्व साधे आहे : संबंध मुळीच नसता, तर प्रत्येक रकान्यात किती कुटुंबे आली असती, हे आधी काढायचे, मग प्रत्यक्ष मोजणी त्यापासून किती दूर आहे ते पाहायचे.

५/ पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत. एकूण कुटुंबे १००.
जमीनधारक ६० : गावठाणात ४४, बाहेर १६.
भूमिहीन ४० : गावठाणात १६, बाहेर २४.
गावठाणात एकूण ६०, बाहेर ४०.

६/ संबंध नसता, तर ६० जमीनधारकांपैकी ६० टक्के, म्हणजे ३६, गावठाणात असते. उरलेल्या रकान्यांत अनुक्रमे २४, २४ आणि १६. प्रत्येक ठिकाणी फरक ८ चा. फरकाचा वर्ग ६४; त्याला अपेक्षित संख्येने भागून बेरीज करा :
१.७८ + २.६७ + २.६७ + ४ = सुमारे ११.११.

७/ दोन ओळी व दोन स्तंभांच्या तक्त्यात, संबंध नसताना, ३.८४ हून मोठा आकडा योगायोगाने शंभरात साधारण पाचदाच येतो. (अशा तक्त्यासाठी कोणते कोष्टक वापरावे, यातली पिअर्सन यांची चूक रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दुरुस्त केली.) ११.११ पुष्कळ मोठा आहे. म्हणजे संबंध आहे. तो का आहे, हे चाचणी सांगत नाही.

८/ आता खरी मेख. आपण फक्त धरणाकाठी चौकशी केली आणि बाहेर गेलेल्या २४ भूमिहीन कुटुंबांपैकी २० चा पत्ताच लागला नाही, तर? तक्ता उरतो ४४, १६, १६ आणि ४ असा. पुन्हा गणित करा : उत्तर सुमारे ०.३६. संबंध नाहीसा झाला! सूत्र तेच, गणित अचूक; गहाळ झाली ती माणसे.

९/ म्हणून विस्थापनाच्या अभ्यासात माणसे जिथे गेली तिथवर जावे लागते. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाच्या विस्थापितांचे केलेले सर्वेक्षण डेक्कन कॉलेजने १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. मराठी मुलखात या कामाची वाट तेव्हाच पडली आहे.

१०/ सातबाऱ्यावर ज्याचे नाव नव्हते, त्याचा माग कागदात काढणे कठीण. शेतमजूर, बलुतेदार, वाट्याने शेती करणारे असे कितीजण आपल्या तक्त्यात येण्याआधीच निसटतात. पुढच्या वेळी कुणी ‘आकडेवारीने सिद्ध झाले’ म्हणाले, तर आधी विचारा : मोजणी कुठे उभे राहून केली? तुमच्या घरात उजनीकाठच्या जुन्या गावाची आठवण सांगणारे कुणी असेल, तर शेजारी कोण राहत असे आणि ते कुठे गेले, हे आजच लिहून ठेवा.