अकबराची 'संग्राम' आणि बंदुकीचा पल्ला

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरात शिकारीला जाणारे काही हौशी लोक रायफल दुकानातून उचलून आणत नाहीत, कारागिराकडून घडवून घेतात. ती खांद्यावर घेऊन दिवसभर चढायचे असते, म्हणून नळीला कार्बन फायबरचे वेष्टन, काही भाग टायटॅनियमचे, आणि वजन तीन किलोच्या आसपास. पण वजन उतरवले की धक्का वाढतो आणि पातळ नळी लवकर तापते. खांद्याला सोसेल तेवढे ओझे आणि हाताला साधेल तेवढा नेम, असा हा सौदा आहे.

हा सौदा चारशे वर्षांपूर्वी आपल्याकडेही होत होता, आणि त्याची लेखी नोंद आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बंदुकांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. मोगल म्हटले की आपल्यासमोर तख्त आणि जनानखाना येतो. लोहाराची भट्टी कुणाला आठवत नाही, म्हणून ही पाने मला फार मोलाची वाटतात.

अबुल फजल सांगतो की आधी लोखंडाचा पत्रा ठोकून त्याच्या कडा नुसत्या एकमेकींना भिडवत आणि नळी करत. दारू जास्त झाली की ती फुटे, आणि बहुधा बंदूकवाल्याचाच जीव जाई. अकबराच्या कारखान्यात पत्रा कागदाच्या सुरळीसारखा तिरका वळवू लागले, कडा एकीवर एक चढवून तापवत जोडू लागले. पूर्वी नळीत पाव भागापेक्षा जास्त दारू भरायची सोय नव्हती. आता तोंडापर्यंत भरली तरी फुटत नाही, असे तो लिहितो. उस्ताद कबीर आणि हुसेन या दोन कारागिरांची नावेही त्याने दिली आहेत. बादशहाच्या दरबारी इतिहासात लोहाराचे नाव यावे, हे थोडे नव्हे.

प्रत्येक बंदुकीवर मजकूर कोरलेला असे: कच्च्या लोखंडाचे वजन, घडवल्यानंतरचे वजन, लोखंड कुठले, कारागीर कोण, बंदूक कुठे आणि केव्हा झाली, क्रमांक किती. हजारो बंदुकांतून बादशहाच्या खास वापरासाठी निवडलेल्या होत्या 105. त्यांत बारा महिन्यांच्या बारा, आठवड्यांच्या पाळीसाठी 30, सौर महिन्याच्या दिवसांसाठी 32, आणि राखीव 31. कोणत्या बंदुकीने किती जनावरे पडली, हे लिहून ठेवायला लेखनिक नेमले होते. यादीतली पहिली 'संग्राम', फरवर्दीन महिन्याची. 'आईन' लिहिली जात होती तोवर तिच्या नावावर 1,019 जनावरे होती.

याच 'संग्राम'ने 1568 साली चित्तोडच्या वेढ्यात किल्लेदार जयमल राठोड पडला. गड पडल्यावर झालेली कत्तलही अबुल फजलने लपवलेली नाही, आकडा तीस हजारांच्या घरात दिला आहे. कारागिरीचे कौतुक करताना हे पान उलटून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता आपल्या घरांत हमखास निघणारा प्रश्न: बंदुकीची शिकार हलाल की हराम?

गंमत शब्दातच आहे. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एक गोल, कठीण कवचाचे फळ. त्यावरून धनुष्याने मारायच्या मातीच्या गोळीला 'बुंदुक' म्हणू लागले, पुढे दारूच्या हत्याराला तेच नाव चिकटले आणि तेच मराठीत 'बंदूक' झाले. बिस्मिल्ला म्हणून सोडलेला बाण धारेने शिरला आणि जनावर मेले, तर ते खाता येते. पण मार लागून मेलेले जनावर सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीत निषिद्ध आहे. मातीची गोळी चिरत नाही, ठेचते, म्हणून जुन्या फिकहच्या ग्रंथांनी तिची शिकार नाकारली. मग शिशाची गोळी कशात धरायची? इजिप्तचे मालिकी फकीह दर्दीर (मृत्यू 1786) यांनी ती मान्य केली, येमेनच्या शौकानींनीही केली. दमास्कसचे हनफी इब्न आबिदीन (मृत्यू 1836) यांनी नाकारली. हिंदुस्थानातले बहुतेक हनफी उलेमा याच बाजूचे. त्यांच्या मते जनावर जिवंत हाती लागले आणि त्याचा जिबह झाला, तरच ते हलाल.

म्हणजे गोळी कितीही लांब जावो, सुरी घेऊन माणसाला तिथवर पोहोचलेच पाहिजे.

जहांगीरच्या आत्मचरित्रात याचा जिवंत दाखला आहे. तो मुक्कामाला अजमेरला होता. एक नीलगाय गोळ्या लागूनही पडेना. बादशहा बंदूक घेऊन पायी तिच्या मागे. शेवटी त्याने नवस केला की ही पडली तर ख्वाजा मुईनुद्दीन यांच्या नावाने शिजवून गरिबांना घालीन. जनावर खाली बसताच त्याने ते जागीच हलाल करायला सांगितले आणि गोरगरिबांना समोर बसवून नवस फेडला. बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या हातून 17,167 पशुपक्षी मेल्याचा हिशेब लिहिणारा हा माणूस. इतक्या शिकारीचे समर्थन मी करणार नाही, पण सुरी घेऊन धावायचे असते हे तो विसरला नव्हता.

भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हौशी शिकारच उरली नाही, तेव्हा हा वाद इथे पुस्तकातला झाला. तिकडच्या डोंगरात मात्र तो खरा आहे. तिथल्या रायफली पाचशे मीटरवर नेम धरतात, मध्ये दरी असते, आणि ती उतरून चढेपर्यंत जनावर थंड झालेले असते. हनफी फतवा पाळणाऱ्याला हा पल्ला फुकट आहे. त्याने रायफल हलकी घ्यावी हे खरे, पण ती लांब मारा करते म्हणून नव्हे, तर जवळून गोळी झाडून तिच्यासकट पळत सुटता येते म्हणून.