सिंधीपुऱ्याचा धडा

आम्ही नंदुरबारकर खानदेशचा इतिहास सांगतो तो थाळनेर, असीरगड आणि सुलतानपूरच्या वादाचा. फारुकींनी परागंदा आलिमांना दिलेला आसरा मात्र आम्ही विसरतो.

हुमायून १५४१ ते १५४३ या काळात सिंधमध्ये भटकत होता. त्या धामधुमीत पाट गावची विद्वान घराणी बाहेर पडली आणि अहमदाबादमार्गे वऱ्हाडात एलिचपूरला आली. शेख ताहिर मुहद्दिस त्यांपैकीच. १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड घेतले आणि बिऱ्हाड पुन्हा उचलावे लागले. फारुकींनी त्यांना बुऱ्हाणपुरात ठेवून घेतले. तिथला सिंधीपुरा आजही त्यांची आठवण सांगतो. ताहिरांचे पुतणे शेख ईसा जुंदुल्ला याच शहरात कुरआनचे भाष्यकार म्हणून नावारूपाला आले.

घर सुटलेल्या विद्वानाला भाकरी तर हवीच, पण शिकवायला जागा आणि ऐकायला शागीर्दही हवेत. बुऱ्हाणपूरने ते दिले, म्हणून त्यांचे इल्म जगले. २०२१ मध्ये काबूल पडले, तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. आमच्या जिल्ह्यात अक्कलकुव्याचा जामिया १९७९ पासून आहे, जळगावचे विद्यापीठ १९९० पासून. असा कोणी उद्या आमच्या दारी आला, तर त्याला नुसती ओसरी दाखवायची की वर्गही द्यायचा, हे आम्हीच ठरवायचे आहे.