‘साइड’ आणि ‘लेन’: मालमोटारींच्या रस्ताधर्माचा इतिहास

महाराष्ट्रातील मालमोटारचालकांचा रस्त्यावरील शिष्टाचार अरुंद रस्त्यांवर घडला, आणि बहुपदरी महामार्गावर अवजड वाहने उजवी मार्गिका सोडत नाहीत या आजच्या तक्रारीचे मूळही बऱ्याच अंशी तिथेच सापडते. मुंबई–पुणे वाटेवर हा प्रवास विशेष स्पष्ट दिसतो. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढणारा माल हळूहळू गाड्यांवर आला. चढावर भरलेली गाडी एकदा थांबली की ती पुन्हा हलवणे कठीण आणि मागे घरंगळण्याची भीती मोठी, त्यामुळे उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, ही घाटाची स्वाभाविक गरज होती. मोटारी आल्या तरी ती संपली नाही. कमी ताकदीच्या इंजिनाची मालमोटार चढावर बंद पडली की क्लीनर, म्हणजे चालकाचा मदतनीस, उडी मारून चाकामागे दगड लावी. गाडी निघून जाई आणि दगड मात्र पुष्कळदा रस्त्यातच पडून राही, हा त्या शिष्टाचाराचा कमी शोभिवंत भाग. चढणाऱ्या वाहनाच्या या अग्रहक्काला १९८९ च्या ‘रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स’ या केंद्रीय नियमावलीत स्वतंत्र कलम मिळाले.

डावीकडून चालण्याचा नियम ब्रिटिश अमदानीतून आला. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू स्वीकारली तरी गोव्यात डावीच राहिली, कारण शेजारच्या ब्रिटिश मुलखातील रस्त्यांशी तुटून राहणे त्या लहान प्रदेशाला परवडणारे नव्हते. परंतु बाजू ठरली तरी रुंदीचा प्रश्न उरत होता. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीमुळे रस्त्यांच्या विकासाचा देशव्यापी विचार सुरू झाला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि १९४३ च्या नागपूर येथील मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत रस्त्यांची प्रतवारी ठरली. तथापि, दीर्घकाळ बहुसंख्य रस्ते एकपदरीच राहिले. एकपदरी रस्त्याचा डांबरी पट्टा पावणेचार मीटरचा आणि मालमोटारीची रुंदी सुमारे अडीच मीटर, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी निदान एकीची डावी चाके साइडपट्टीवर, डांबराच्या कडेच्या मातीत, उतरणे अटळ होते. यालाच चालकांच्या बोलीत ‘साइड देणे’ म्हणतात. कोणी आधी उतरायचे हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नसे. ते दोन चालकांनी एकमेकांकडे पाहून, काही क्षणांत ठरवायचे असे.

मागून येणाऱ्याला पुढे जाऊ देण्याची रीतही अशीच संकेतांवर उभी होती. गाडी लांब, चालक उजवीकडे, आणि डावी बाजू त्याला धड दिसत नाही, म्हणून तिकडचे डोळे क्लीनरचे. तो खिडकीतून हात बाहेर काढून मागच्याला थोपवी किंवा पुढे बोलावी, आणि दरवाजावर थाप मारून चालकाला कळवी. रात्री हे काम ‘डिपर’ करी, म्हणजे समोरच्या दिव्यांचा झोत क्षणभर खाली-वर करण्याची खूण. उजव्या इंडिकेटरची भाषा मात्र कधीच एकमुखी झाली नाही: एखाद्या चालकासाठी त्याचा अर्थ ‘रस्ता मोकळा आहे, जा’ असा, तर दुसऱ्यासाठी ‘समोरून वाहन येत आहे, थांबा’ असा, आणि एवढी धोकादायक संदिग्धता इतकी वर्षे चालू राहावी हे आश्चर्यच. गाडीच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या ओळीच्या उगमाच्या अनेक कथा सांगितल्या जातात आणि त्यांपैकी एकीलाही भक्कम आधार नाही; तिचे काम मात्र उघड होते, मागच्याने हॉर्न वाजवून साइड मागावी, हे. हॉर्न तिथे विनंती होता. विनाकारण हॉर्न वाजवण्याला उत्तेजन मिळते या कारणास्तव महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये ही ओळ लिहिण्यास मनाई केली.

बहुपदरी रस्त्याने या सगळ्या व्यवहाराची जमीनच बदलली. सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा सहापदरी मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला, आणि सुवर्ण चतुष्कोन योजनेत चार महानगरांना जोडणारे ५,८४६ किलोमीटर रस्ते चौपदरी होऊ लागले. मार्गिका, म्हणजेच लेन, हा रंगवलेल्या रेषांनी आखलेला वाहनाचा पट्टा. द्रुतगती मार्गावर डावी मार्गिका अवजड वाहनांची, मधली हलक्या वाहनांची आणि दुभाजकालगतची उजवी केवळ ओलांडून पुढे जाण्यापुरती. साइड मागावी लागे, ती कोणी तरी द्यावी लागे. लेन मात्र न मागता पाळायची असते. चौपदरी महामार्गावर तर डावीकडे राहण्याची किंमतही होती, कारण तिथे उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी, उसाच्या ट्रॉल्या, ढाब्यासमोर उभ्या गाड्या आणि खचलेला डांबरी थर हे सारे एकाच पट्ट्यात येते; दुभाजकाला धरून चालले की यातले काहीच आड येत नाही, आणि उजवीकडे बसलेल्या चालकाला दुभाजकाचे अंतर नेमके दिसते. अशा ठिकाणी उजवी मार्गिका धरण्याला निव्वळ बेशिस्त म्हणणे अपुरे ठरते. द्रुतगती मार्गावर दुचाकी, तीनचाकी आणि पादचाऱ्यांना प्रवेशच नाही, त्यामुळे तिथे ही सबब टिकत नाही.

तिथली अडचण घाटात आहे. ताशी २० किलोमीटरने चढणाऱ्या गाडीला ताशी २५ ने चढणारी गाडी ओलांडू लागली, तर गाडीची लांबी आणि मागे-पुढे सोडायचे अंतर मिळून ४० मीटरची आघाडी घ्यायला तिला जवळपास अर्धा मिनिट आणि २०० मीटर रस्ता लागतो, आणि तेवढा वेळ मधली मार्गिका बंद राहते. तिसरी गाडीही त्याच बेतात असली की तिन्ही पट्टे अडतात. खंडाळ्याजवळ अमृतांजन पुलाच्या खांबांमुळे रस्ता आणखी आवळला जात असे. तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. २०२४ पासून द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा ‘लेन कटिंग’, म्हणजे नियमबाह्य मार्गिकाबदल, टिपते. तिचे चलान नोंदणी क्रमांकावरून वाहनमालकाच्या नावे निघते; गाडी चालवणारा बहुधा पगारी चालक असतो.