मुक्तिदात्यांचा चषक

लग्न जमवताना आपल्याकडे आधी एका घरची मंडळी दुसऱ्या घरी जातात आणि मग त्यांना आपल्याकडे बोलावतात. एकदाच कुठेतरी तिसऱ्याच्या घरी भेटून बोलणी उरकली, तर म्हाताऱ्या माणसांना ते काही बरे वाटत नाही. फुटबॉलच्या काही मोठ्या स्पर्धांत अंतिम सामन्याची अशीच रीत होती. पहिला सामना तुमच्या मैदानावर, दुसरा आमच्या, आणि दोन्हींचा मिळून निकाल. या प्रत्येक सामन्याला इंग्रजीत ‘लेग’ म्हणतात. आज सांगायची आहे ती दक्षिण अमेरिकेतल्या अशाच एका दुहेरी अंतिम सामन्याची हकीकत. तो २०१८ साली झाला. म्हणजे निम्मा झाला, आणि उरलेला निम्मा भलतीकडेच नेऊन पुरा करावा लागला.

ही स्पर्धा सुरू झाली १९६० साली. दक्षिण अमेरिकेतल्या सात देशांचे विजेते क्लब त्यात उतरले आणि उरुग्वेच्या पेन्यारोलने पहिला चषक नेला. १९६५ पासून तिला ‘कोपा लिबर्तादोरेस’, म्हणजे मुक्तिदात्यांचा चषक, असे नाव मिळाले. बोलिव्हार, सान मार्तिन वगैरे ज्या पुढाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात त्या खंडातून स्पेनची सत्ता उखडून टाकली, त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. ते जरा ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आरंभीच्या काळात दोन्ही सामन्यांतल्या गोलांची बेरीज करीत नसत. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. दोघांनी एकेक सामना जिंकला की हिशेब बरोबर, आणि मग तिसरा सामना त्रयस्थ गावी. १९६२ साली तेच झाले. पेलेच्या सान्तोसने पेन्यारोलला माँटेव्हिडिओत २-१ हरवले. दुसरा सामना ब्राझीलमध्ये, सान्तोसच्या अंगणात. पेन्यारोल ३-२ ने पुढे असताना प्रेक्षकांतून फेकलेली वस्तू पंचांना लागली आणि खेळ बराच वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला, सान्तोसने बरोबरी केली, लोक आनंदाने नाचू लागले. आणि मागाहून पंच काय म्हणाले? खरा सामना मी ३-२ वरच संपवला होता, पुढचा खेळ केवळ सगळ्यांचे जीव सांभाळण्यासाठी चालू ठेवला! आता हसू येतं, पण त्या मैदानात उभ्या असलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

तिसरा सामना झाला ब्युनॉस आयर्सला, रिव्हर प्लेट क्लबच्या मोन्युमेन्ताल मैदानावर. दुखापतीमुळे आधीचे दोन्ही सामने चुकलेला पेले तिथे खेळला, त्याने दोन गोल केले आणि सान्तोस ३-० ने जिंकला. घरात भांडण झाले म्हणून शेजारच्या वाड्यात जाऊन तंटा मिटवावा, तसे त्या वर्षी मोन्युमेन्ताल कामाला आले.

आता छप्पन्न वर्षे पुढे येऊ. २०१८ च्या अंतिम सामन्याला आले रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स. दोघेही ब्युनॉस आयर्सचे, दोघांचाही जन्म ला बोका या गोदीजवळच्या कष्टकऱ्यांच्या वस्तीतला, रिव्हरचा १९०१ चा आणि बोकाचा १९०५ चा. पुढे रिव्हर शहराच्या उत्तरेकडे सुखवस्तू भागात गेला, बोका तिथेच राहिला. भावकीतले वैर केवढे कडवट असते ते आपल्याला सांगायला नको. या दोघांची गाठ या चषकाच्या अंतिम सामन्यात पूर्वी कधीच पडली नव्हती. शिवाय पुढच्या वर्षापासून एकच अंतिम सामना त्रयस्थ शहरात खेळवायचा, असे दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने आधीच ठरवून टाकले होते. तेव्हा दोन अंगणांतला हा शेवटचाच सामना होता.

मात्र त्या रिवाजातला प्राण आधीच गेला होता, असे माझे मत आहे. मैदानावरच्या हाणामाऱ्यांमुळे अर्जेंटिनात २०१३ पासून पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना बंदी होती. या अंतिम सामन्यासाठीही ती उठली नाही. पाहुणे म्हणून यायचे ते फक्त खेळाडूंनी.

पहिला सामना बोकाच्या मैदानावर, ‘बोम्बोनेरा’वर. बोम्बोनेरा म्हणजे मिठाईचा डबा. उभ्या चढत्या सज्जांमुळे हे नाव पडले. १० नोव्हेंबरला पावसाने मैदानाचे तळे केले, म्हणून सामना ११ तारखेला झाला. बोकाने दोनदा आघाडी घेतली, रिव्हरने दोनदा ती फेडली. २-२. खेळ उत्तम झाला. प्रतिपक्षाच्या अंगणातले गोल जास्त मोलाचे धरण्याचा नियम काही स्पर्धांत असे, तो या अंतिम सामन्याला लागू नव्हता. सगळा फैसला २४ नोव्हेंबरवर राहिला.

त्या शनिवारी मोन्युमेन्ताल दुपारपासून भरले होते. लोक पोरांना घेऊन आले होते. आणि मैदानाच्या अगदी जवळच्या वळणावर रिव्हरच्या पाठीराख्यांनी बोकाची बस दगडाबाटल्यांनी फोडली. काचेच्या कणांनी बोकाचा कर्णधार पाब्लो पेरेस याचा डोळा दुखावला. त्याला इस्पितळात न्यावे लागले. पोलिसांनी गर्दीवर सोडलेला धूर बसमध्येही शिरला, खेळाडू खोकून बेजार झाले. सामना तासाभराने पुढे, मग आणखी पुढे, मग उद्यावर, आणि रविवारी पुन्हा रद्द. दोन दिवस हजारो माणसे आत बसून होती आणि त्यांनी काहीच केलेले नव्हते.

बोकाने मागणी केली की चषक आम्हाला द्या. ती अगदीच वावगी नव्हती. २०१५ साली याच स्पर्धेत बोम्बोनेरावर रिव्हरच्या खेळाडूंवर तिखट फवारले गेले होते, आणि तेव्हा बोकालाच स्पर्धेतून काढले होते. मग आमच्या वेळेला न्याय निराळा का? याचे समाधानकारक उत्तर मला तरी सापडलेले नाही. एवढेच म्हणता येईल की तेव्हाचा प्रकार मैदानाच्या आतला होता, आणि हा बाहेर रस्त्यावरचा. रस्ता क्लबचा की सरकारचा, यावर वकील हवे तितके भांडोत. संघटनेने रिव्हरला दंड केला, पुढचे दोन सामने रिकाम्या मैदानावर खेळण्याची शिक्षा दिली, आणि अंतिम सामना देशाबाहेर काढला.

गंमत पाहा, त्याच आठवड्यात, ३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबरला, वीस मोठ्या अर्थसत्तांचे पुढारी ब्युनॉस आयर्सलाच जमले. आपले पंतप्रधानही गेले होते. ती परिषद सुखरूप पार पडली. जमली नाही ती एकाच शहरातल्या एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात जाणारी एक बस!

आणि सामना गेला कुठे? स्पेनच्या राजधानीत. ज्या स्पेनपासून सोडवणूक करणाऱ्यांचे नाव त्या चषकाला, त्याच स्पेनमध्ये, रेआल माद्रिदच्या बेर्नाबेउ मैदानावर. अर्जेंटिनात लोक कडवट हसले. रिव्हरलाही हे नको होते. गुन्हा रस्त्यावरच्या थोड्यांचा आणि घर हिरावले गेले सगळ्यांचे, असे त्यांचे म्हणणे. तिकिटाबरोबर समुद्रापार जायचा खर्च परवडणारे कितीसे असणार?

९ डिसेंबरला माद्रिदला बासष्ट हजारांवर प्रेक्षक होते. आणि जे ब्युनॉस आयर्समध्ये पाच वर्षे घडू शकले नव्हते ते तिथे घडले. दोन्ही पक्षांचे पाठीराखे एका मैदानात समोरासमोर बसले, ओरडले, रडले, आणि आपापल्या वाटेने निघून गेले. बोकाच्या बेनेदेत्तोने पहिला गोल केला, रिव्हरच्या प्रात्तोने तो फेडला. जादा वेळेच्या आरंभीच बोकाचा एक गडी बाहेर काढला गेला. १०९ व्या मिनिटाला किन्तेरोने लांबून असा फटका हाणला की चेंडू वरच्या दांडीला लागून आत गेला. शेवटी बोकाचा एक खेळाडू जखमी होऊन बाहेर, गडी उरले नऊ, आणि बरोबरीच्या आशेने त्यांचा गोलरक्षकही कॉर्नरसाठी पुढे धावलेला. तेवढ्यात चेंडू सुटला, आणि रिव्हरचा मार्तिनेस मोकळ्या गोलाकडे एकटा धावत निघाला. ३-१, दोन्ही मिळून ५-३.

पुढच्या वर्षी एकच अंतिम सामना त्रयस्थ गावी व्हायचा होता, चिलीच्या सान्तियागोला. तिथे दंगली उसळल्या आणि तोही हलवावा लागला, लिमाला. म्हणजे दोन अंगणे सोडली म्हणून कटकट सुटली असे झाले नाही. इकडे आफ्रिकेतल्या क्लबांनी मात्र तीन वर्षे एकच सामना खेळून पाहिला, आणि २०२३ साली पुन्हा दोन घरांची रीत धरली.

रिव्हरची मंडळी चषक घेऊन डिसेंबरातच मोन्युमेन्तालवर आली. मैदान पुन्हा काठोकाठ भरले होते. त्यांत नोव्हेंबरच्या त्या दोन दिवशी थांबलेलेही पुष्कळ होते. त्यांच्या हाती सामन्याची तिकिटे होती, सामना मात्र त्यांनी घरी बसून पाहिला होता.