मांजरेवर बांध घालणारा इंजिनियर

पाटोद्याच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा लातूरच्या अंगणातून जाते, बीदरकडे वळते आणि तेलंगणातून उत्तरेस फिरून नांदेडच्या सीमेवर गोदावरीस मिळते. या वाटेत तिला अडविणारे पहिले मोठे धरण म्हणजे निजामसागर. ते १९२३ ते १९३१ या काळात उभे राहिले. ज्यांच्या देखरेखीखाली ते झाले, त्या नवाब अली नवाज जंग यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही.

त्यांचे मूळ नाव मीर अहमद अली. जन्म १८७७ चा. इंग्लंडातील कूपर्स हिल येथे शिकून ते हैदराबादच्या बांधकाम खात्यात आले आणि १९१८ मध्ये मुख्य इंजिनियर झाले. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीने हैदराबाद शहर धुऊन नेले होते. उपाययोजना विश्वेश्वरय्यांची, हे सर्वश्रुतच आहे. पण १९२० चा उस्मानसागर आणि १९२७ चा हिमायतसागर पुरे झाले ते अली नवाज जंग यांच्या अमदानीत. आराखड्याखाली सही करणारा लक्षात राहतो, चिखलात उभा राहणारा नाही, ही आपली जुनी खोड! १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीने मात्र पाटबंधारे उपसमितीचे अध्यक्षपद त्यांनाच दिले.

आता आपला प्रश्न. नदी आपली, मग कालवे तेलंगणात का? सरकारचा कल हे एक कारण खरेच. पण जमिनीचेही कारण होते. तेलंगणात भाताची आणि तळ्यांची परंपरा होती. उलट काळ्या जमिनीला कालव्याचे पाणी सोसत नाही, असे त्या पिढीच्या इंजिनियरांना वाटे. नीरा कालव्याखालची रानेच्या राने चिबड झालेली त्यांनी पाहिली होती. हे मत अडाणीपणाचे नव्हते. तथापि निचऱ्याचे चर काढून उपाय करता येत होता आणि तो आपल्याकडे कोणी करून पाहिला नाही, असे मला वाटते.

मांजरेने मात्र आपला हिशेब चुकता केला. निजामसागराची मूळ साठवण सुमारे २९ अब्ज घनफूट. १९७० च्या दशकापर्यंत गाळाने ती १२ च्या आसपास आली. त्या गाळात बालाघाटावरची काळी मातीही आहेच. पुढे दारे चढवून धरणाची उंची वाढवावी लागली.

अली नवाज जंग १९४९ मध्ये वारले. ११ जुलै हा त्यांचा जन्मदिन तेलंगण राज्य अभियंता दिन म्हणून पाळते. आणि २०१६ च्या एप्रिलात, धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले असताना, लातूरकरांना मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले.