शंभर मैलांचं बकल

कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या शर्यतीत रोख बक्षीस नाही, पहिल्या येणाऱ्यालाही नाही. सिएरा नेवाडाचा माथा ओलांडून, उन्हानं तापलेल्या दऱ्या उतरून-चढून जो चोवीस तासांच्या आत ऑबर्न गावात पोचतो, त्याला कमरेच्या पट्ट्याचं चांदीचं बकल मिळतं. तीस तासांच्या आत पोचणाऱ्याला ब्राँझचं. धावणाऱ्या माणसाला पट्ट्याचं बकल कशासाठी? धावताना तर कुणी पट्टा लावत नाही. याचं उत्तर शोधू गेलं की आपण घोड्यांपाशी जाऊन पोचतो.

ऑबर्नमध्ये वेंडेल रॉबी नावाचे लाकडाचे एक मोठे व्यापारी होते. घोडेस्वारीचं त्यांना विलक्षण वेड. आजकालच्या घोड्यांना एका दिवसात शंभर मैल जमणार नाहीत, असं लोक म्हणत. १९५५ च्या ऑगस्टमध्ये रॉबी चार सोबत्यांना घेऊन टाहो सरोवराजवळून निघाले आणि जुन्या डोंगरवाटेनं ऑबर्नला येऊन त्यांनी ते करून दाखवलं. ही वाट आधी वाशो आणि निसेनान या मूळ रहिवाशांची, नंतर सोन्याच्या मागे आलेल्या खाणवाल्यांची. रॉबींच्या त्या एका रपेटीतून ‘टेव्हिस कप’ ही दरवर्षीची स्वारी सुरू झाली. तिथं बकल देणं अगदी साहजिक होतं. घोड्यांच्या त्या मुलखात रोडिओ ही गुराख्यांची स्पर्धा जिंकणाऱ्याला मोठं, नक्षीदार बकलच मिळायचं.

पण रोडिओचं बकल जिंकणाऱ्याचं असतं. टेव्हिस कपचं बकल चोवीस तासांत वाट पुरी करणाऱ्या प्रत्येकाचं ठरलं, आणि माझ्या मते या साऱ्या गोष्टीतला सर्वांत मोलाचा निर्णय तोच. त्याला एक अटही होती. वाटेतल्या थांब्यांवर पशुवैद्य घोडा तपासायचे. नाडी, श्वास, पाय बघायचे. घोडा लंगडत असेल तर स्वारी तिथंच संपली, स्वार कितीही ताजातवाना असो. म्हणजे वेगाच्या आधी घोड्याची काळजी. आणि बकल सगळ्यांनाच मिळू शकत असल्यामुळे मागून येणाऱ्याला पाणी दिलं, हात दिला, तर आपलं काहीच कमी होत नव्हतं.

या वाटेवर पायी जाणारा पहिला माणूस म्हणून गॉर्डी एन्सली यांचं नाव सगळीकडे घेतलं जातं. ते पुरतं खरं नाही. त्यांच्या दोन वर्षं आधी, १९७२ मध्ये, कॅन्ससच्या फोर्ट रायली छावणीतले वीस सैनिक ही वाट पायी चालायला आले होते. त्यांतले सात जण जवळपास दोन दिवसांनी ऑबर्नला पोचले. एन्सली यांचं श्रेय वेगळं आहे, आणि ते मोठंच आहे. ते टेव्हिस कपचे स्वार. १९७३ मध्ये त्यांचा घोडा लंगडू लागला आणि त्यांना स्वारी अर्ध्यात सोडावी लागली. पायी धावून बघ, असं त्यांना सुचवलं ते ड्रुसिला बार्नर यांनी. टेव्हिस कप जिंकणाऱ्या पहिल्या स्त्री त्याच. १९७४ मध्ये एन्सली घोड्यांबरोबर निघाले आणि २३ तास ४२ मिनिटांत पोचले. घोड्यांसाठी आखलेल्या मुदतीच्या आत माणूस बसला.

१९७७ मध्ये पायी शर्यत अधिकृतपणे भरली, तीही घोड्यांच्या स्वारीबरोबरच. चौदा जण निघाले. अँडी गोन्झालेस २२ तास ५७ मिनिटांत आले. आणखी दोघेच शेवटपर्यंत टिकले, पीटर मॅट्टाई आणि राल्फ पॅफनबार्गर. दोघे एकत्रच पोचले, २८ तास ३६ मिनिटांनी. चोवीस तासांची मुदत केव्हाच उलटली होती. पण त्यांना रिकाम्या हातानं पाठवणं आयोजकांना पटेना, आणि त्यातूनच तीस तासांच्या मानाची सोय झाली. यातले पॅफनबार्गर म्हणजे व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध हजारो माणसांच्या नोंदींवरून मांडणारे नामवंत संशोधक. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पुढच्याच वर्षी पॅट स्मिथ २९ तास ३४ मिनिटांत पोचल्या, शर्यत पुरी करणारी पहिली स्त्री म्हणून. ही वाढीव मुदत नसती तर त्याही बाहेरच राहिल्या असत्या.

१९७८ पासून शर्यत घोड्यांपासून वेगळी होऊन जूनमध्ये गेली. घोड्यांची शिस्त मात्र राहिली. पुढं कितीतरी वर्षं धावपटूंना थांब्यांवर वजनकाट्यावर उभं करत आणि वजन फार घटलं किंवा वाढलं तर डॉक्टर थांबवत. ही घोडेतपासणीचीच सख्खी बहीण. आणि रात्री रकी चकीच्या उतारावर काय चालतं ते बघा. इथं अठ्ठ्याहत्तराव्या मैलापाशी अमेरिकन नदी ओलांडायची असते. आरपार जाड दोर ताणलेला, आणि बर्फगार पाण्यात कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत उभ्या असलेल्या स्वयंसेवकांची रांग. आलेल्या माणसाचे पाय सुजलेले, पोट बिघडलेलं. ते त्याला दोर धरायला लावतात, कुठला दगड निसरडा ते सांगतात, पुढच्याच्या हवाली करतात. असं तासन्‌तास. पाणी जास्त असेल त्या वर्षी दोराऐवजी रबरी होड्या येतात.

शर्यतीचा शेवटचा तास तर ऑबर्नमध्ये सणासारखा असतो. पहिला येणारा आदल्या संध्याकाळीच येऊन गेलेला असतो, तरी रविवारी सकाळी दहा ते अकरा प्लेसर हायस्कूलचं मैदान भरतं ते मागून येणाऱ्यांसाठी. २०१५ मध्ये सत्तर वर्षांच्या गुनहिल्ड स्वॅन्सन मुदत संपायला अवघे सहा सेकंद असताना रेषेपार गेल्या. त्या वर्षीचा विजेता रॉब क्रार आदल्या संध्याकाळी शंभर मैल पळून आलेला. तो पायात साध्या चपला घालून त्यांच्या सोबत शेवटच्या टप्प्यात धावत होता. बकल दोघांनाही मिळालं.

लेडव्हिल, व्हरमॉंट, हार्डरॉक अशा शंभर मैलांच्या शर्यतींनीही हीच बकलाची प्रथा उचलली. व्हरमॉंटमध्ये तर घोडे आणि माणसं एकाच दिवशी त्याच वाटांवरून धावत आली आहेत.

वेस्टर्न स्टेट्सची अडचण आता वेगळीच आहे. वाटेचा सुरुवातीचा भाग ग्रॅनाइट चीफ या संरक्षित रानातून जातो. १९८४ मध्ये त्या रानाला कायद्याचं कवच मिळालं आणि शर्यतीला आधीचीच संख्या घालून दिली गेली: ३६९ धावपटू. त्यांच्या दिमतीला दीड हजारांच्या आसपास स्वयंसेवक, आणि अर्ज हजारोंनी. चिठ्ठ्या टाकून नावं निघतात आणि अनेकांना वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. मला ही मर्यादा योग्य वाटते. ज्या रानापायी माणसं येतात ते तुडवून शर्यत मोठी करण्यात अर्थ नाही. निवड झालेल्यालाही आठ तास सेवा करावी लागते, पायवाट दुरुस्त करणं किंवा दुसऱ्या एखाद्या शर्यतीत राबणं. ज्यांचं नाव निघत नाही त्यांतले कितीतरी जण जूनमध्ये तरीही येतात, आणि थांब्यांवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बाटल्या भरून देतात.